साफ करू का?

माझ्या लहानपणी घरात अब्बांचा आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. फोकस करण्याची भानगडच नव्हती. बटण दाबले की झाले.

पन्नाशी उलटल्यावर मुलाने मला जुन्या वळणाचा डिजिटल कॅमेरा आणून दिला. निकॉनने २०२१ मध्ये झेड एफसी आणि २०२३ मध्ये झेड एफ काढला, त्याच घराण्यातला. डोक्यावर शटरची आणि आयएसओची चकती, पोटात सेन्सर. लेन्स मात्र मी हाताने फिरवायची घेतली. चष्म्याचा नंबर वाढत असताना हा हट्ट, म्हणून घरचे हसले.

थंडीत पहाटे गोंदियाजवळच्या परसवाडा तलावावर गेलो. सारसाची जोडी धानाच्या बांधीत उभी. कॅमेऱ्यात ‘फोकस पीकिंग’ असते. जिथे कडा स्पष्ट, तिथे पडद्यावर रंगीत रेघ चमकते. रेघ दिसली, बटण दाबले. घरी पाहतो तर पुढचे गवत लख्ख आणि सारस धूसर! तेव्हा कळले, पीकिंग अंदाज सांगते. खात्री करायची तर तेवढाच भाग पडद्यावर मोठा करून डोळ्याने पाहावा लागतो.

दुसरा धडा घरातच मिळाला. संध्याकाळी वीज गेलेली. अम्मी कंदिलापाशी सुपात तांदूळ निवडत होती. हात हलत होते, म्हणून शटर फार मंद ठेवता येईना. आयएसओ १२८०० वर नेला. फोटो आला, पण सगळा रवाळ. यालाच नॉईज म्हणतात. आपण दोष आयएसओला देतो. खरे तर आयएसओ वाढवला म्हणून प्रकाश वाढत नाही; मिळालेला संकेत तेवढा मोठा होतो. प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे कुठे कमी, कुठे जास्त पडतात. मुसळधार पावसात हा फरक जाणवत नाही, शिंतोड्यांत जाणवतो. प्रकाश चौपट मिळाला, तर हा रवाळपणा निम्म्यावर येतो. अंधारात पीकिंगही फसते. या ठिपक्यांनाच ते कडा समजू लागते.

मुलाने संगणकावर फोटो ‘साफ’ करून दिला. चेहरा गुळगुळीत झाला. अम्मीने पाहिला आणि विचारले, “ही कोण?” लहानपणी तिला देवी आल्या होत्या. गालावरचे ते व्रण संगणकाने नॉईज समजून पुसून टाकले होते. मूळ फोटो दाखवला, तेव्हा म्हणाली, “हां, ही मी.”

पुढच्या उन्हाळ्यात अम्मी गेली. फ्रेमसाठी फोटो घेऊन स्टुडिओत गेलो. तिथल्या पोराने पडद्यावर फोटो मोठा केला आणि अदबीने विचारले, “चाचा, ठिपके फार आहेत, साफ करू का?”

मी म्हटले, “नको बेटा, राहू दे.”