दोन नायकांच्या प्रेमकथा : एका वाचकाची मते



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळी मुद्दाम आली असतील, आणि काही मंडळी नेमकी त्याच कारणाने घरी राहिली असतील. दोघांचेही मला आश्चर्य वाटत नाही. मी टीकाकार नव्हे, संशोधक तर नव्हेच. तीस वर्षे शाळेत मराठी शिकविले आणि हाती येईल ते वाचले, एवढेच माझे भांडवल. दोन पुरुषांचे एकमेकांवर प्रेम बसते, अडचणी येतात आणि अखेर ते एकत्र राहू लागतात, अशा कथानकाच्या कादंबऱ्या इंग्रजीत अलीकडे उदंड निघत आहेत. त्यांतल्या वीस-पंचवीस मी वाचल्या. ह्या वयात हा नाद कसा लागला, ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझा भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. जाताना एक पुस्तक उशाशी विसरून गेला. दुपारी झोप येईना म्हणून मी ते उघडले. केसी मॅकक्विस्टन यांची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' ही २०१९ सालची कादंबरी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षबाईंचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र. आधी हाडवैर, मग मैत्री, मग प्रेम, मग चोरून लिहिलेल्या पत्रांचा जगभर बभ्रा आणि शेवटी आनंदीआनंद. भाच्याने फोनवर विचारले, "मामा, कसं वाटलं?" मी म्हटले, "भाषा खुसखुशीत आहे, पण शेवट खोटा वाटला." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रडवणारी पुस्तकं मी पुष्कळ वाचलीत, मामा. ही मी मुद्दाम वाचतो." त्या गप्प राहण्यात त्याला जे सांगावयाचे होते ते सांगून झाले होते. मला ते उमजावयास मात्र दोन दिवस लागले. त्याच्या परवानगीनेच हे येथे सांगत आहे.

शेवट खोटा, असे मी सहज बोलून गेलो. पण नंतर शोध घेऊ लागलो तेव्हा दिसले की ह्या गोड शेवटालाच फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. ई. एम. फॉर्स्टर हे नाव आपल्याला परके नाही. १९२१ साली हा लेखक देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला होता, आणि त्या मराठा दरबाराच्या आठवणी त्याने पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' ह्या पुस्तकात प्रसिद्ध केल्या. देवासला आला तेव्हा त्याची एक कादंबरी सात वर्षे अप्रकाशित पडून होती. १९१३-१४ मध्ये लिहिलेली 'मॉरिस'. मॉरिस हा खाऊनपिऊन सुखी घरातला शेअरदलाल. केंब्रिजमधला त्याचा मित्र क्लाइव्ह लग्न करून सुरक्षित जगात निघून जातो. मॉरिसला अखेर जोडीदार मिळतो तो त्याच मित्राच्या जमिनीवरचा रानराखा, अॅलेक. दोघे घरदार, पत, प्रतिष्ठा सोडतात, पण एकमेकांना सोडीत नाहीत. हा शेवट सुखाचाच हवा, याबद्दल फॉर्स्टर अडून बसला होता. दोघांपैकी कुणी गळफास घेतला असता तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. इंग्लंडात असा संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होता. फॉर्स्टर १९७० मध्ये वारला, आणि १९७१ मध्ये 'मॉरिस' प्रसिद्ध झाली. कादंबरीचा शेवट गोड आहे एवढ्यासाठी लेखकाने ती मरेपर्यंत पेटीत ठेवावी, असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

अमेरिकेतही हीच कथा. १९५२ साली दोन स्त्रियांच्या प्रेमावर दोन कादंबऱ्या निघाल्या. 'स्प्रिंग फायर' ह्या स्वस्त आवृत्तीच्या कादंबरीचा शेवट दुःखाचा हवा, अशी अट प्रकाशकाने घातली. टपालखाते पुस्तके जप्त करील ही भीती होती. म्हणून एका नायिकेची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. दुसरी पॅट्रिशिया हायस्मिथ यांची 'द प्राइस ऑफ सॉल्ट'. तिच्यात दोघींना आशेला जागा ठेवलेली आहे. पण लेखिकेने ती टोपणनावाने छापली आणि स्वतःचे नाव तिच्यावर घालावयास १९९० साल उजाडावे लागले.

हे वाचल्यावर मी भाच्याला पत्र लिहून माझा 'खोटा' हा शब्द परत घेतला. निम्माच घेतला, पुरा नाही. कारण आजच्या पुष्कळ कादंबऱ्यांत एक उणीव मला खरोखरच जाणवते. नायक देखणे, धनवान, हजरजबाबी. आई समजूतदार, मित्र समजूतदार, वरिष्ठसुद्धा समजूतदार. अडचण आलीच तर ती गैरसमजाची, आणि गैरसमज असा की दोघांनी पाच मिनिटे समोरासमोर बसून बोलले असते तर दोनशे पाने वाचली असती. शृंगाराची वर्णने तर आमटीत पाणी घालीत जावे तशी वाढत जातात. मला त्यांची लाज वाटत नाही, कंटाळा येतो. अर्थात फडक्यांच्या कादंबऱ्यांवर पोसलेल्या आमच्या मंडळींनी देखण्या नायकांना फार नाक मुरडू नये. आपणही तेच खाल्ले आहे.

पण जेथे भीती खरी असते तेथे ह्याच साच्यातून उत्तम कादंबरी निघते. कॅनडाच्या रेचल रीड यांची 'हीटेड रायव्हलरी' (२०१९) मी प्रथम नाराजीनेच हाती घेतली. बर्फावरील हॉकीचे दोन खेळाडू, एक कॅनडाचा शेन, दुसरा रशियाचा इल्या. मैदानावर कट्टर प्रतिस्पर्धी आणि वर्षानुवर्षे चोरून भेटणारे. शृंगार येथेही भरपूर आहे. पण इल्या जेव्हा मायदेशाविषयी बोलतो, तेव्हा त्याला तेथे परत जाऊन मोकळेपणी जगता येणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून शेवटी जे सुख मिळते ते बेताचे आहे. शेनच्या आईवडिलांना कळते, जगाला कळत नाही. एवढेच. आणि तेवढे पुरते. कॅट सेबॅस्टियन यांची 'वुई कुड बी सो गुड' (२०२३) अशीच. १९५०नंतरच्या काळातले न्यूयॉर्क, एक वार्ताहर आणि वृत्तपत्राच्या मालकाचा मुलगा. पोलिसांचे भय बाहेर, आणि सुख म्हणजे संध्याकाळी दोघांनी एकाच घरी परतणे. ह्या पुस्तकात फारसे काही घडत नाही, आणि मला ते दोनदा वाचावेसे वाटले.

कुणी म्हणेल, प्रेमकथाच त्या, एवढे काय मनावर घ्यावयाचे! मग रशियातलीच गोष्ट ऐका. येलेना मालिसोवा आणि कातेरिना सिल्वानोवा ह्या दोघींनी मिळून लिहिलेली एक कादंबरी २०२१ साली तेथे छापून निघाली. इंग्रजी भाषांतरात तिचे नाव 'पायोनियर समर'. १९८६ चा उन्हाळा, खार्किवजवळचे मुलांचे शिबिर, सोळा वर्षांचा युरा आणि शिबिरातला त्याच्याहून थोडा मोठा मार्गदर्शक वोलोद्या. वीस वर्षांनी युरा त्या ओसाड जागी परत येतो आणि त्याला ते सारे आठवते. उत्तान म्हणावे असे मला तिच्यात काही सापडले नाही. पण दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांवर आले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथला कायदा कडक झाला; त्या वेळच्या चर्चेत ह्या पुस्तकाचे नाव घेतले गेले. दोन्ही लेखिकांना देश सोडावा लागला. २०२५ मध्ये प्रकाशनव्यवसायातल्या माणसांवर खटल्याची पाळी आली. गोड गोष्टींना कुणी इतके भीत नसते.

येथे एक आक्षेप नेहमी निघतो. ह्या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांत स्त्रिया फार. पुरुषांच्या मनातले त्यांना काय कळणार? मला हा आक्षेप पटत नाही. हरिभाऊ आपट्यांनी यमूच्या तोंडून 'पण लक्षांत कोण घेतो' सांगितली, तेव्हा आपण त्यांना हा प्रश्न विचारला नाही. कळले आहे की नाही, ते पानावर दिसते. मात्र ज्याचे त्याने लिहिलेलेही छापले गेले पाहिजे, एवढे खरे.

आता आपल्या घराकडे वळतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा जाच प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता दूर केला. विवाहाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने दिला नाही. म्हणजे प्रेम करण्यास हरकत नाही, संसार थाटण्यास कायद्याचा आधार नाही, अशी आपली अवस्था. मराठी कादंबरीही ह्याच उंबरठ्यावर उभी आहे असे मला वाटते. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' (२००६) ही माझ्या मते अस्सल कादंबरी आहे. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात भाडेकरू म्हणून आलेल्या तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम बसते, आणि दोघेही आपापली हकिगत सांगतात. घरातले जेवणाचे ताट, जिना, शेजारपाजार, सारे आपले.

भाच्याने मला विचारले होते की, मराठीत असे काही आहे का? मी ही कादंबरी त्याला पाठविली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "फार सुंदर आहे. पण मामा, ह्यातही तो निघूनच जातो की." मी शेल्फासमोर उभा राहून दुसरे नाव शोधू लागलो. मराठीतली, आपल्या गल्लीतली, आईवडील, जात, भाड्याचे घर ह्या साऱ्यांतून वाट काढून दोघे एका छपराखाली आले अशी कादंबरी. माझ्या शेल्फावर ती नव्हती.

समोरच्या रांगेत आपल्या वाचनालयाचे ग्रंथपाल आणि पुस्तकखरेदी समितीचे दोन सभासद बसलेले मला दिसताहेत. त्यांच्यासाठी मी सात पुस्तकांची यादी खिशात घेऊन आलो आहे. व्याख्यान संपल्यावर ती त्यांच्या हाती देईन. पुस्तके कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत, इतर कादंबऱ्यांच्या शेजारीच लावावीत, एवढी विनंती.