भिलाई, १ जुलै १९९२

मुंबई-हावडा मार्गावर नागपूर आणि दुर्ग मागे टाकलं, की भिलाई पॉवर हाऊस हे छोटं स्टेशन लागतं. १ जुलै १९९२ रोजी तिथे छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे हजारो कामगार बायकामुलांसह रुळांवर बसले. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून जास्त माणसं गेली. एक पोलीस उपनिरीक्षकही मारला गेला.

मला मात्र बोलायचंय ते त्याआधीचं. हे लोक भिलाई पोलाद कारखान्यातले कायम कामगार नव्हते. आसपासच्या खाजगी कारखान्यांतले, बरेचसे ठेकेदाराकडचे. मागण्या साध्या: जगण्यापुरता पगार द्या, कायम करा, युनियन केली म्हणून काढलेल्यांना परत घ्या. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा झोपेत गोळी घालून खून झाला. तरी लढा थांबला नाही.

युनियनचा कायदा १९२६चा, ठेका कामगारांचा १९७०चा. मग कागदावरचा हक्क मागायला रुळांवर का बसावं लागलं? गोळी कुणी झाडली हे विचाराच. पण त्याआधी हेही विचारा.