घराच्या भिंती आणि घरातल्या वस्तू
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाईंच्या आग्रहामुळे उभी राहिले आहे, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या.

गेल्या श्रावणात आपली सहल फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयात गेली होती. १९९८ पासून त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. त्याआधी ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होते. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ ला बसली. इमारत १९१४ साली उभी राहिली, पण तेवढ्यात महायुद्ध आले. जिथे चित्रे लागायची तिथे जखमी शिपायांच्या खाटा पडल्या. लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ ला, गव्हर्नरांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते. म्हणजे कोनशिलेपासून वास्तुशांतीपर्यंत सोळा वर्षे गेली!

पण या वर्षांत वस्तू जमतच होत्या. १९१५ साली सेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह घेतला गेला. सर रतन टाटा १९१८ साली वारले. त्यांचाही संग्रह पुढे तिथेच आला. भिंती गवंडी बांधतो, पण आत ठेवायचे ते कोणीतरी आधीपासून जपलेले असावे लागते.

कापडाच्या दालनात आपल्यापैकी एकीने विचारले, "इथे दिवे एवढे मंद का हो?" तिथल्या बाईंनी सांगितले, की उजेडाने रंग उडतो आणि धागा कुजतो, आणि गेलेला रंग परत येत नाही. जुने वस्त्र घडी घालून ठेवले तर घडीवरच विरते, म्हणून ते नळीवर गुंडाळतात. नव्या कपाटात लाकडाचा व रंगाचा वास असेपर्यंत वस्तू ठेवत नाहीत, कारण त्या वाफेने चांदीसुद्धा काळवंडते.

तुम्ही सर्व पुढे गेलात. मी मात्र तिथेच उभी राहिले. त्याचे कारण आज सांगते.

माझ्या सासूबाईंचा लग्नातला शालू होता. जांभळा, पदरावर जरीचे मोर. घराला रंग काढला त्या वर्षी दारावर जरीवाला आला. शालू घडीवर फाटलेला, आणि सासूबाई नणंदेकडे गेलेल्या. मी तो वजनावर देऊन टाकला आणि आलेल्या पैशांत स्टीलचे डबे घेतले. जरीवाला कापड जाळून चांदी काढतो, हे मला माहीत होते.

सासूबाई आल्या, ट्रंक उघडली. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पदराचे मोर तरी कापून ठेवलेस का ग?" मला उत्तर देता आले नाही. आता त्या नाहीत. डबे अजून आहेत.

भगिनींनो, येत्या पाडव्याला आपल्या मंडळाची नवी खोली उघडायची आहे. माझी सूचना अशी, की तिथे एक काचेचे कपाट असावे. कोणाची कुंची, कोणाचा अडकित्ता, कोणाच्या आईने भरलेला रुमाल, असे घरोघरचे एकेक त्यात ठेवू. वहीत नोंद करू: वस्तू कोणाची, कोणी केली, कशाला वापरायची. ही चिठ्ठी नसेल तर आपल्यामागे मुले तिला अडगळच समजतील. कपाटाचा रंग निदान महिनाभर आधी होऊ दे, आणि ते खिडकीसमोर नको. वस्तू मालकिणीचीच राहील. मागेल तेव्हा सही घेऊन परत द्यावी.

उद्घाटनालाही बाहेरचा पाहुणा शोधायला नको. आपल्यात सर्वांत वडील ज्या आजी आहेत, त्यांनी कुलूप उघडावे.

पहिली नोंद माझी घ्या. सासूबाईंचा पितळी अडकित्ता मी आज पिशवीत आणला आहे.