कपाट आवरताना
(महिला मंडळाच्या सभेत दिलेले मनोगत)



नाताळ जवळ आला की आपण कपाटं आवरतो. या वर्षी ती दिवाळीआधीच आवरा, अशी माझी विनंती आहे. जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं भातकापणी उरकून, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. डिसेंबरात आपण गाठोडी घेऊन पाड्यावर पोचतो, तेव्हा घरी म्हातारी माणसं असतात. ज्यांच्यासाठी स्वेटर नेले, ती मुलं भट्टीवर थंडीत निजलेली असतात.

आवरताना मी तीन ढीग करते. नेहमीच्या वापरातलं परत कपाटात. दोन वर्षं हात लागला नाही, पण धड आहे, ते देण्यासाठी. विटलेलं, फाटलेलं मी देत नाही. मऊ सुती साड्यांची गोधडी शिवते, बाकीच्याची पायपुसणी. गरिबाला काहीही चालतं, हा समज आधी बाहेर काढू या.

द्यायचे कपडे धुऊन वाळवा. तुटलेलं बटण लावा, परकरात नाडी ओवा. टिकल्यांची साडी शेतात काय कामाची? सुती साड्या, शर्ट, स्वेटर, चादरी द्या. मुलांच्या कपड्यांवर वयाची चिठ्ठी लावा.

प्रेषितांची कृत्ये, 9 वा अध्याय. यापोतल्या विधवांनी रडत पेत्राला जे कपडे दाखवले, ते टबीथाला नकोसे झालेले नव्हते. तिने स्वतः तयार केलेले होते. म्हणून प्रत्येक गाठोड्यात एक तरी नवा कपडा असू द्या.

प्रभू तुमच्या हातांना आशीर्वाद देवो.