पैसा तालुक्यातच फिरावा



स्वागत समितीच्या वतीने वरवंडमध्ये आपलं मनापासून स्वागत करतो. पंढरीला निघालेली जगद्गुरू तुकोबारायांची पालखी दरवर्षी या गावात मुक्कामाला असते. आल्यागेल्याला जेवू घालणं ही इथल्या घराघरांची रीत आहे. आपलीही सरबराई त्याच मायेने होईल.

ही परिषद वरवंडला भरते आहे, याचा मला विशेष आनंद आहे. खडकवासल्याच्या कालव्याने आणि आमच्या व्हिक्टोरिया तलावाने या माळरानात ऊस उभा केला. तोडलेला ऊस मात्र थांबत नाही. दोन-चार दिवस पडून राहिला, तर वजनही घटतं आणि गोडीही. त्यामुळे त्याचा उद्योग रानाजवळच लागतो, आणि म्हणूनच केडगाव, राहू, वरवंड या पट्ट्यात गुऱ्हाळं उभी राहिली.

तिथे काय घडतं, ते आपण जाऊन बघावं. चरकातून रस काहिलीत येतो. भेंडीचं चिकट पाणी टाकलं की मळी वर येते, ती काढून टाकतात. चिपाडं अंगणात वाळतात आणि तीच चुलाणात जातात. पाक घट्ट होत आला की गुळव्या त्याचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. काहील उतरवायचा क्षण तोच ठरवतो. पाक कच्चा राहिला तर ढेप बसत नाही, जास्त शिजला तर गूळ करपतो. टनभर उसाचा साधारण शंभर किलो गूळ होतो, आणि त्याचा दर या माणसाच्या नजरेवर ठरतो. यातले कित्येक जण उत्तर प्रदेशातून बायकामुलांसह आले आहेत. त्यांचंही आज स्वागत आहे.

त्या काहिलीवर आणखी किती घरं चालतात! तोडणीची टोळी, ट्रॅक्टरवाला, चरक दुरुस्त करणारा फिटर, वाढं नेणारा दूधवाला, किराणा दुकानदार. उसाचा पैसा तालुक्याबाहेर जाण्याआधी इतक्या हातांतून फिरतो. पाटसचा भीमा कारखाना काही हंगाम बंद होता, तेव्हा हे आपण उलट बाजूने अनुभवलं. 2022-23 मध्ये तो भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना बंद पडल्याची झळ शिरूरकरांना ठाऊक आहे. कारखाना थांबला की सभासदाइतकंच बाजारपेठेचंही नुकसान होतं, हे माझं ठाम मत आहे.

कारखान्याला 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचं बंधन आहे: 14 दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. गुऱ्हाळाला असं बंधन नाही. तिथे शेतकऱ्याच्या हाती असतो तो मालकाचा शब्द आणि वजनकाट्याची पावती. रोख पैसा मिळतो म्हणून शेतकरी गुऱ्हाळाकडे वळतो; तो विश्वास टिकवणं मालकांचं काम आहे.

आता थोडं कठोर बोलतो. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस पावडर मारणं, गुळात साखर मिसळणं, चुलाणात प्लास्टिक नि रबर जाळणं, हे बंद झालंच पाहिजे. तो धूर आधी आपल्याच लेकरांच्या छातीत जातो आणि दौंडच्या गुळाचं नाव गुलटेकडीच्या बाजारात खाली येतं.

2020 पासून केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे; पात्र प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पत्र्याच्या शेडखालच्या गुऱ्हाळाने त्यातून स्टीलची काहील, धूर कमी करणारं चुलाण आणि स्वच्छ पॅकिंग करावं. आपल्या बचत गटातल्या भगिनींनी काकवी आणि गूळपावडरीत उतरावं.

या परिषदेकडे माझी मागणी एकच आहे. उठण्याआधी दोन ठराव करा: प्रत्येक गुऱ्हाळावर वजनाची पावती द्यायची, आणि चुलाणात चिपाडाशिवाय काही जाळायचं नाही. यंदाच्या हंगामापासून ते पाळायला सुरुवात करू. अध्यक्षांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं, अशी विनंती करतो.