प्लॉटिंगमधली मोकळी जागा

२०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली. शहराभोवतीची शेतं एनए होऊन तिथे प्लॉट पडताहेत. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एकरभर रानात ती भरते जेमतेम ४ गुंठे! म्हणून तिचा वापर रहिवाशांनी बसून आधीच ठरवावा. नाहीतर तिथे वाळूचे ढीग नि गाजरगवत. २०१२-१३चा दुष्काळ सोसलेल्या आपल्या जिल्ह्यात पहिला मान पावसाचं पाणी मुरवणाऱ्या खड्ड्याला आणि कडुनिंबाला. मग मुलांचं मैदान, म्हाताऱ्यांसाठी बाक. सभागृहाची घाई नको. प्लॉट घेताना मंजूर नकाशा मागा आणि त्यात खुली जागा कुठे दाखवलीय, ते आधी पाहा.