प्रमाणपत्र दिले, सोबत दिली नाही

(उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



पीक घरात आले म्हणून आज आपण देवाचे उपकार मानले. पण आपल्या नवापूर तालुक्यात हेच दिवस पाडे रिकामे होण्याचेही असतात. भातकापणी उरकली की मुकादमाचा ट्रक येतो, घरांना कुलपे लागतात आणि माणसे बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. लेकरेही सोबत जातात. शाळेचा पट तेवढा मागे राहतो.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर आपल्या प्रशिक्षण केंद्रात मुलांना शिकवतो. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "सर, यंदा किती मुले शिकून बाहेर पडली?" मी अभिमानाने आकडा सांगतो. आज मात्र त्या आकड्यात न मावणाऱ्या एका मुलाविषयी बोलणार आहे. त्याचे नाव सांगत नाही.

मुलगा दहावी पास, हात चांगला. बोर्डाचे वायरिंग एकदा दाखवले की दुसऱ्यांदा विचारत नसे. सुरतेच्या एका कारखान्यात त्याला देखभाल विभागात काम मिळाले. आम्ही प्रमाणपत्र दिले, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या. एकोणिसाव्या दिवशी तो घरी परत आला.

मी पाड्यावर गेलो आणि त्याला चांगलाच रागावलो. "अरे, एवढी चांगली नोकरी सोडलीस कशी?" तो मान खाली घालून बसला. त्याची आई म्हणाली, "सर, पगार महिना भरल्यावर मिळणार होता. तोवर माझ्या पोराने खायचे काय?"

मग एकेक गोष्ट कळली. खोलीमालकाने अनामत मागितली. खानावळीने आगाऊ पैसे मागितले. दाखल्यावरचे नाव एक आणि आधारवरचे दुसरे, म्हणून कागद अडले. गुजराती समजेना, आणि ओळखीचे कोणी नव्हते. आठवडाभराने मुकादम आला, हातावर उचल ठेवली आणि मुलगा भाऊ-भावजयीबरोबर ट्रकमध्ये बसला.

मला मुकादमाचा संताप आला. पण रात्री विचार करताना वाटले, तो काय करतो ते तरी पाहावे. तो पैसे आधी देतो, दारातून घेऊन जातो आणि गावच्या माणसांसोबत नेतो. त्याची उचल हा फास आहे, यात शंका नाही. ती फिटेपर्यंत माणूस मोकळा होत नाही. पण पहिल्या पगाराआधीचे उपाशी दिवस त्याला ठाऊक आहेत. इतकी वर्षे शिकवूनही मला ते ठाऊक नव्हते.

म्हणून आम्ही रीत बदलली. प्रशिक्षण सुरू होतानाच आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून नाव व जन्मतारीख ताडून पाहतो. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्तीला लागतो, कारण पुढे भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढतानाही हीच चूक आडवी येते. मुलाला एकट्याला पाठवत नाही, जोडीने पाठवतो. पहिल्या महिन्याची खोली व खानावळ यासाठी बिनव्याजी हातउसने देतो. दर रविवारी फोन करतो.

आईवडिलांना पगाराचा हिशेबही आधीच सांगतो. मूळ पगार 12,000 असेल तर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,440 आणि राज्य विम्याचे 0.75 टक्के म्हणजे 90 रुपये कापले जातात. हातात 10,470 येतात. खोली व जेवण त्यातूनच. हे आधी माहीत नसले की पहिल्याच पगाराला मुलाला वाटते, आपल्याला फसवले. कापलेले पैसे वाया जात नाहीत, आजारपणात व पुढे उपयोगी पडतात, हेही समजावतो.

बंधुभगिनींनो, आपल्या देणग्यांतून यंत्रे आली, त्याबद्दल मनापासून आभार. आज मात्र मी वेगळे मागतो. आपल्यापैकी कित्येकांची मुले, भाचे, जावई सुरत, नाशिक, पुण्याला नोकरीला आहेत. पाड्यावरून आलेल्या एखाद्या मुलाला पहिल्या महिन्यात त्यांनी स्टेशनवर उतरवून घ्यावे, खोली शोधून द्यावी, रविवारी जेवायला बोलवावे. जे कचेरीतून निवृत्त झाले आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार कागद तपासायला केंद्रावर यावे.

तो मुलगा सध्या उसाच्या फडात आहे. मी निरोप पाठवला, "परत ये, जागा ठेवली आहे." त्याचे उत्तर आले, "सर, उचल फिटली की येतो." त्याची धाकटी बहीण मात्र यंदा आपल्या शिवणवर्गात आहे. तिचे कागद मी स्वतः तपासले आहेत.

दोघांनाही प्रार्थनेत आठवा. आणि उपासना सुटल्यावर दारापाशी मी वही घेऊन उभा आहे, तिच्यात आपले नाव व फोन नंबर लिहून जा.